भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत शिरलं तेव्हा आम्ही तिथं तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. पाणी उतरल्यावर गाळ काढला, घर चार वेळा धुतलं, पण भिंती काही वाळल्या नाहीत. कमरेच्या उंचीला एक पांढरी रेघ उमटली आणि तिच्याखालचा गिलावा नुसत्या बोटानं पिठासारखा गळायला लागला. गवंडी म्हणाला, "ताई, नऊ इंची भिंत हाय, पोटभर पाणी प्यालीया. वर्षभर तरी वाळायची न्हाई." वर्षाची दोन वर्षं झाली आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हा नवऱ्यानं आणि मी एकच ठरवलं, आता घर घ्यायचं ते उंचावरच्या भागात आणि वरच्या मजल्यावरचं.

२०२२ च्या फेब्रुवारीत सानेगुरुजी वसाहतीच्या बाजूला पहिल्या मजल्यावर घर मिळालं. झोपायची एक खोली, हॉल, स्वयंपाकघर. खाली मालक काका-काकू, वर अजून एक बिऱ्हाड. रंग ताजा होता, दुपारचं ऊन आतपर्यंत येत होतं. सासूबाई भिंतीवरून हात फिरवून म्हणाल्या, "ठणठणीत कोरडं हाय गं." फेब्रुवारीत कोल्हापुरातलं कुठलंही घर कोरडंच लागतं. आता कुणी ओळखीचं घर बघायला निघालं की मी त्यांना सांगते, नुसता रंग बघू नका. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला जमिनीलगत हात लावा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात बोटानं वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर गिलावा आतून सुटलाय. आणि आधीचं बिऱ्हाड किती दिवसांनी सोडून गेलं, तेवढं शेजारी विचारा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. आपल्याकडे पाऊस गगनबावड्याच्या अंगानं, पश्चिमेकडून येतो आणि वारा असला की झड सरळ भिंतीवर बसते. आमच्या झोपायच्या खोलीची लांब भिंत पश्चिमेलाच. जुलै लागला तसं दार उघडताक्षणी कुबट वास यायला लागला. मिठाला पाणी सुटलं, पापड वातड झाले, काड्यापेटी पेटेना. एवढं सगळं पावसाळा म्हणून सोडून दिलं.

मग नागपंचमीच्या आधी कपाट आवरायला काढलं. सासऱ्यांच्या कापशी चपला सासूबाईंनी धोतराच्या तुकड्यात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवल्या होत्या. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. गुंडाळी सोडली तर पट्ट्याच्या वेणीवर आणि अंगठ्याच्या कातड्यावर हिरवट-करडी लव उगवलेली. तळव्यावर त्यांच्या टाचेचा काळपट, खोलगट गोल होता, वापरून वापरून पडलेला. बुरशी सगळ्यात दाट त्या गोलातच होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पदरानं पुसायला लागल्या. मी त्यांचा हात धरला, कारण कोरडी पुसली की ती पूड हवेत उडते आणि त्यांना दमा आहे.

दम्याचंही त्याच सुमारास वाढलं होतं. रात्री दोन-तीनला उठून बसायच्या. आमच्या डॉक्टरांनी औषध बदलायच्या आधी विचारलं, "घरात ओल आहे का? ह्यांचा पलंग कुठल्या भिंतीला आहे?" पलंग पश्चिमेच्या भिंतीलाच होता. त्या रात्री आम्ही तो हॉलमध्ये आणला.

मालक काका मनानं वाईट नाहीत. वर आले, भिंत बघितली आणि म्हणाले, "अवो ताई, पावसाळा म्हटल्यावर ओल यायचीच की. दिवाळीच्या आधी रंग मारून देतो, ओलीचा पेशल रंग असतोय." ऑक्टोबरमध्ये रंगारी आला. पोपडे खरवडले, लांबी (पुट्टी) भरली, वरून ओल अडवणारा रंग दोन हात मारला. खर्च काकांनी केला, निम्मे आम्ही देऊ केले ते त्यांनी घेतले नाहीत. घर पुन्हा फेब्रुवारीसारखं दिसायला लागलं.

पुढच्या पावसात रंगाला फुगे आले. लिंबाएवढे, काही पेरूएवढे. एक फुगा मी सुईनं टोचला तर त्यातून पाण्याची धार भिंतीवरून खाली ओघळली, फिकट पिवळी. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाणी भिंतीच्या आतून येत होतं आणि आम्ही त्याची बाहेर पडायची वाट बंद केली होती. माझं माहेर मंगळवार पेठेतलं, जुन्या वळणाचं घर. त्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा होता. पावसाळ्यात त्या ओल धरायच्या आणि दसऱ्यापर्यंत सोडूनही द्यायच्या, कारण चुना श्वास घेतो. सिमेंटवर तेलकट रंग चढवलेली भिंत तसं करत नाही. आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं आणि रंगाला घेऊनच बाहेर येतं.

माझे मामा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. फोनवर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी एकच प्रश्न केला, "ओल कुठली?"

"ओल म्हणजे ओल, मामा."

"तसं नसतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर मापाची पट्टी नसती तर पुराचं पाणी चढतंय का उतरतंय, तुला कसं कळलं असतं? एकोणचाळीस फुटांला इशारा, त्रेचाळीसला धोका, हे सगळं पट्टी हाय म्हणून. भिंतीवर पट्टी लाव. पेन्सिल घे, ओलीच्या कडेनं रेघ मार, तारीख घाल. दर चार दिवसांनी. पंधरवड्यानं मला सांग."

पावसाळ्यात आपण कोल्हापूरकर सकाळी उठल्या उठल्या आधी पंचगंगा किती फुटांवर आहे ते बघतो. तीच सवय घरातल्या भिंतीला लावायची, एवढंच काम होतं. ओल तीन ठिकाणी होती. झोपायच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीखाली, त्याच खोलीच्या कोपऱ्यात कपाटामागं, आणि हॉलमध्ये बाथरूमला लागून असलेल्या भिंतीच्या पायथ्याशी. मुलानं त्यांना नावंही दिली, पहिली नदी, दुसरी नदी, तिसरी नदी. रेघा ओढायचं काम त्याच्याकडेच दिलं. तो तेव्हा दुसरीत होता, तारखा मोठ्या अक्षरात घालायचा.

पंधरवड्यात तिन्ही जागा तीन तऱ्हेनं वागल्या. खिडकीखालची रेघ झडीच्या पावसानंतर दोन-तीन तासांत पसरायची आणि उघडीप मिळाली की आत सरकायची. पाऊस सरळ पडला तर ती जागची हलत नव्हती. कपाटामागच्या कोपऱ्यात रेघ ओढायला नीट कडच सापडेना, तिथं भिंत ओलसर कमी आणि काळ्या ठिपक्यांची जास्त होती. हॉलच्या भिंतीची रेघ मात्र पाऊस असो वा नसो, थोडी थोडी वर चढत होती. तिच्यावर पांढरा लोणा, म्हणजे क्षार, फुटला होता, बारीक कापसासारखा.

मामांनी अजून एक परीक्षा सांगितली. जेवणाच्या डब्याची ॲल्युमिनियमची चकचकीत फॉइल घ्यायची, वीतभर चौकोन भिंतीवर ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बंद करायचा आणि दोन दिवस हात लावायचा नाही. सोडवल्यावर भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडची बाजू ओली आणि आतली कोरडी असेल तर भिंत निर्दोष आहे, पाणी खोलीतल्या हवेतलं आहे. हॉलच्या भिंतीवरची फॉइल काढली तर मागून थेंब ओघळले. कपाटामागची काढली तर मागची बाजू कोरडी खडखडीत होती आणि बाहेरच्या बाजूला धुकट दमटपणा बसलेला, बोट फिरवलं तर रेघ उठली.

म्हणजे एका घरात तीन वेगळ्या ओली, आणि आम्ही तिघींवर एकच रंग मारला होता.

कपाटामागचं आमचं आम्हालाच निस्तरायचं होतं, म्हणून तिथूनच सुरुवात केली. हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ऑनलाइन मागवलं, चारशे रुपयांच्या आत मिळालं. सकाळी सातला स्वयंपाकघरात ते ९४ टक्के दाखवत होतं, हॉलमध्ये ९१. बाहेर सज्जात ठेवलं तर ८६. बाहेर पाऊस पडत असून घरातली हवा बाहेरच्यापेक्षा दमट. हे पाणी आणतंय कोण, ह्याचा शोध घेताना माझी नजर हॉलमध्ये बांधलेल्या तीन दोऱ्यांवर गेली.

चार माणसांचे कपडे. मशीनमधून पिळून निघालेली बादली मी ताणकाट्याला अडकवली. मग तेच कपडे दुसऱ्या दिवशी रात्री वाळल्यावर पुन्हा वजन केले. फरक दोन किलो दोनशे ग्रॅम आला. सव्वादोन लिटर पाणी एका दिवसाच्या धुण्यातून आम्ही स्वतःच हॉलच्या हवेत सोडत होतो. मामांनी पुढचा हिशेब सांगितला. पंचवीस अंशांच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त तेवीस ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत साधारण चौतीस घनमीटर हवा असते. म्हणजे पार भरली तरी पाऊण लिटरच्या वर थोडंसं. त्यातला बराचसा हिस्सा पावसाळ्यात आधीच भरलेला. उरलेलं पाणी जाणार कुठं? जिथं गार भिंत सापडेल आणि वारा लागणार नाही तिथं जाऊन बसणार. पावसानं बाहेरून गार झालेली पश्चिमेची भिंत आणि तिला घासून लावलेलं कपाट, ह्याच्याइतकी सोयीची जागा घरात दुसरी नव्हती. आणि बुरशीला थेंबही लागत नाहीत, भिंतीलगतची हवा ऐंशी टक्क्यांच्या वर काही दिवस सलग राहिली तरी तिला पुरतं.

पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवा, असं सगळे सांगतात. कोल्हापूरच्या जुलैत ते अर्धंच खरं आहे. बाहेर ९५ टक्के असताना खिडकी उघडून घर वाळत नाही. पण रोज थोडी उघडीप मिळतेच, बहुतेक वेळा दुपारी, आणि तेव्हा बाहेरचा आकडा आठ-दहानं उतरतो. त्या वेळी समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा चालू ठेवला तर तासाभरात फरक दिसतो. आम्ही दोघं कामावर असायचो, घरी सासूबाई. त्यांनी ते घड्याळ आपल्याच ताब्यात घेतलं. "आत ब्याण्णव, भाईर पंच्याऐंशी. मी उघडतो खिडक्या," म्हणून मला फोन करायच्या.

तरीही घरात वारा म्हणावा तसा फिरेना. त्याचं कारण बाथरूममध्ये सापडलं. बाथरूमची काचपट्ट्यांची छोटी खिडकी मधल्या डक्टमध्ये, म्हणजे गच्चीपर्यंत गेलेल्या उभ्या पोकळीत, उघडते. तिच्या पट्ट्या आधीच्या रंगाऱ्यानं रंगानं चिकटवून टाकल्या होत्या, त्या सुरीनं एकेक सोडवल्या. उदबत्ती पेटवून खिडकीशी धरली तर धूर डक्टमध्ये जायच्या ऐवजी आत आला. गच्चीवर जाऊन बघितलं, तर डक्टच्या तोंडावर फायबरचा पत्रा चारी बाजूंनी सिमेंट लावून बंद. वरच्या बिऱ्हाडात पाऊस येत होता म्हणून त्यांनी तो घातला होता, त्यांचंही चुकलं नव्हतं. काकांशी आणि वरच्या वहिनींशी बोलून उद्यमनगरमधून लोखंडी अँगल आणले आणि पत्रा फूटभर उचलून बसवला. वरून पाऊस येत नाही, बाजूनं हवा निघून जाते. पुन्हा उदबत्ती धरली. धूर सरळ बाहेर ओढला गेला. माझ्या दृष्टीनं सगळ्या खटाटोपातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक त्या फूटभर उंचीनं पडला.

स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा बसवला. भात शिजताना आणि आंघोळीनंतर अर्धा तास पंखे चालू ठेवायचे, असा नेम झाला. कपड्यांची दोरी हॉलमधून उठवून सज्जात नेली आणि झडीच्या दिवसांत कपडे बाथरूममध्ये, दार लावून, पंखा चालू ठेवून वाळवायचे. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढलं आणि खाली विटा दिल्या. काळे ठिपके काढताना आधी पाण्यानं भिजवून घेतले, मग ब्लीचिंगचं पातळ पाणी, तोंडाला मास्क, हातात मोजे, खिडकी उघडी. सासूबाई आणि मूल त्या दिवशी माझ्या माहेरी. एक सांगून ठेवते, ब्लीचिंगमध्ये संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

एवढं करूनही जुलैत आकडा पंचाहत्तरच्या खाली फारसा आला नाही. पण कपाटामागं ठिपके पुन्हा उठले नाहीत.

खिडकीचं कोडं एका तांब्यात सुटलं. स्लायडिंगच्या खिडकीला खाली ॲल्युमिनियमचा ट्रॅक असतो. झडीचं पाणी त्यात साचतं आणि बाहेरच्या कडेला असलेल्या बारीक भोकांतून निघून जातं. मी त्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं आणि मोजायला लागले. बाहेर एक थेंब पडला नाही. वीस म्हणेपर्यंत आतल्या कडेवरून पाणी खिडकीखालच्या भिंतीवर उतरलं, बरोबर मुलाच्या पहिल्या रेघेवरून. भोकं बांधकामाच्या वेळच्या सिमेंटनं बुजलेली होती. बारीक तारेनं दोन मोकळी झाली, दोन फॅब्रिकेटरनं नवीन पाडून दिली. खिडकीखालच्या कट्ट्याचा उतार आतल्या बाजूला होता, तो फोडून बाहेर काढला आणि चौकट व भिंतीच्या फटीत सिलिकॉन भरलं. फॅब्रिकेटर लक्ष्मीपुरीतला, वयानं लहान, पण त्यानं जाता जाता मला सांगितलं ते मी विसरले नाही, "ताई, दर मे महिन्यात ट्रॅक झाडून घ्या. कबुतराच्या एका पिसानं बी भोक बुजतंय."

हॉलच्या भिंतीचं काम अवघड होतं, कारण त्यात फोडाफोडी होती, आणि घर आमचं नव्हतं.

प्लंबर आला, म्हणाला, सगळं बाथरूम फोडायला लागणार, पाईप आत कुठं फुटलाय सांगता येत नाही. काकांचा चेहरा उतरला. खर्च मोठा होता. त्यांचं म्हणणं पुन्हा तेच, पावसाळा जाऊ दे, वाळेल. आमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, अकरा महिन्यांचा. एका वकील मैत्रिणीला विचारलं. तिनं समजावलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवायची जबाबदारी मालकाची आहे. नोटीस देऊनही त्यानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो, तोही वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. पण हे भाडेकरूसाठी. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत परवानाधारक असतो, त्यामुळे करारात काय लिहिलंय ह्यालाच महत्त्व. आमच्या करारात ओलीचा, गळतीचा एक शब्द नव्हता. मला तसंही काकांना नोटीस द्यायची नव्हती. आम्हाला त्यांच्या पायऱ्या चढून रोज घरी यायचं होतं.

म्हणून वाट बघितली ती उन्हाळ्याची. २०२४ च्या एप्रिलमध्ये, पावसाचा थेंब नसताना, हॉलच्या भिंतीची रेघ अजूनही चढत होती. मी काकांना वर बोलावलं आणि भिंत दाखवली. जून, जुलै, ऑगस्ट, डिसेंबर, मार्च, एप्रिल, मुलाच्या अक्षरातल्या तारखा, एकावर एक. काका चष्मा लावून जमिनीवर उकिडवे बसले आणि खालपासून वरपर्यंत एकेक तारीख वाचत गेले. "एप्रिलात कुठला आलाय पाऊस," एवढंच म्हणाले.

त्याच महिन्यात आम्ही आठ दिवस गारगोटीला गेलो. निघताना रेघ ओढली. टाकीचा व्हॉल्व चालूच होता, वरच्या बिऱ्हाडाला त्याच टाकीचं पाणी जातं, आणि आमच्या नळांतही दाब तसाच होता. परत आलो तर ओल रेघेच्या चार बोटं खाली उतरलेली. मामांना फोन केला. ते म्हणाले, "नळाच्या पाईपला गळती असती तर दाब असेपर्यंत भिंत भिजतच राहिली असती. बाथरूम वापरलं नाही तेव्हा वाळली, म्हणजे पाणी जमिनीवरून मुरतंय. फरशी नाहीतर नाहणी ट्रॅप, बाथरूमचं पाणी जायचं जमिनीतलं तोंड."

खात्रीसाठी ट्रॅपच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं कोंबून बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरलं आणि पातळीला टाइलवर खूण केली. चोवीस तासांत पाणी अर्ध्या इंचाहून जास्त उतरलं, आणि पलीकडे हॉलमध्ये रेघ ओलांडून ओल वर आली. खाली काकूंच्या देवघराच्या स्लॅबलाही एक पुसट डाग होता. त्यांनी तो धुराचा समजून दोनदा चुना लावला होता. तो डाग त्या संध्याकाळी गडद झाला.

मग काकांनी स्वतःच प्लंबरला बोलावलं. पूर्ण बाथरूम नाही, ट्रॅपभोवतीचा दोन फुटांचा चौकोन फोडायचा, एवढंच ठरलं. टाइल उचलल्या तर ट्रॅपच्या गळ्याभोवतीचं सिमेंट सुटून पार वाळूसारखं झालेलं. पाणी ट्रॅपमध्ये जायच्या आधी बाजूनं खाली मुरत होतं, किती वर्षं कोण जाणे. नवा ट्रॅप बसवला, सांधा भरला, वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. आणि टाइल बसवायच्या आधी पुन्हा चोवीस तास पाणी भरून ठेवायचं, ह्यावर मी अडून बसले. प्लंबरला घाई होती. काका म्हणाले, "ताई म्हणत्यात तर भरून ठेव की. एक दिस थांबल्यानं काय हुतंय." पाणी खुणेवरून हललं नाही. ते चार दिवस आम्ही सगळे खाली काकूंकडे आंघोळीला जात होतो. सकाळी सहाला त्या बंब पेटवून ठेवायच्या आणि मुलासाठी वेगळी बादली विसणून.

भिंत लगेच रंगवू नका, हे काकांच्या गळी उतरवायला जास्त वेळ लागला. लोणा फुटलेला गिलावा ओलीच्या वर फूटभर काढून टाकला आणि विटा तशाच उघड्या ठेवल्या. विटांवर क्षार फुटत राहिले, ते दर आठवड्याला कोरड्या ब्रशनं झाडून केरात भरायचे, पाण्यानं धुवायचे नाहीत, नाहीतर ते परत आत जातात. त्या वर्षीची दिवाळी उघड्या विटांत झाली. फराळाला आलेल्या प्रत्येकाला सासूबाई सांगायच्या, "वाळाय ठेवलीया भिंत." जानेवारीत फॉइलची परीक्षा पुन्हा घेतली. दोन दिवसांनी मागची बाजू कोरडी निघाली, तेव्हा गवंड्याला बोलावलं.

कराराचं नूतनीकरण करताना चार ओळी नव्या घातल्या. गळती, नळकाम, बाहेरच्या भिंती आणि खिडक्यांची दुरुस्ती मालकाकडे, कळवल्यापासून पंधरा दिवसांत बघायची. पंखे, जाळ्या, ट्रॅक साफ ठेवणं, कपडे बाहेर वाळवणं आमच्याकडे. काकांनी वाचलं, एक शब्द बदलला आणि सही केली.

सासूबाईंचा पलंग अजून हॉलमध्येच आहे, त्यांना तिथला वारा आवडतो. रात्री उठून बसणं कमी झालंय. औषधही चालू आहे, त्यामुळे किती श्रेय भिंतीचं आणि किती औषधाचं हे मी सांगू शकत नाही. कापशी चपला चांभाराकडे नेऊन साफ करून घेतल्या, तेल देऊन उन्हात ठेवल्या. आता त्या कपाटात नसतात. सज्जाच्या दाराशी खुंटीला टांगलेल्या असतात, वारा लागेल अशा. टाचेचा गोल दिसतो.

जूनमध्ये पहिली झड झाली त्या संध्याकाळी खालून काकांची हाक आली. जिन्याच्या वरच्या सज्जाखाली, त्यांच्या पुढच्या दाराशी, भिंतीला तळहाताएवढा डाग आला होता. काका स्टुलावर चढून डागाची कड बोटानं चाचपत होते.

"ताई, पोराला खाली पाठवा जरा," ते म्हणाले, "पेन्सिल घेऊन."